उतारावर ब्रेक लावताच सायकल का डळमळते?

चोर्ला गावाकडून केरीच्या दिशेने घाट उतरू लागले की पॅडल मारण्याची गरज उरत नाही. पाहता पाहता सायकलचा वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत जातो. समोर वळण येते, पलीकडून चढणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकू येतो, स्वार ब्रेक आवळतो आणि त्याच क्षणी हँडल हातात थरथरू लागते. कधी सायकल एका बाजूला ओढ घेते, कधी मागचे चाक शेपटीसारखे हलते, तर कधी पुढचा सारा भाग डावीकडे-उजवीकडे असा हेलकावे खातो की आता ही सायकल आपल्या ताब्यात राहिली नाही, असे वाटते. घाट संपतो, सायकल शांत होते. मनातली धास्ती मात्र जात नाही.

अशा अनुभवानंतर बहुतेकांचे दोन तर्क असतात. एक, सायकलच खराब आहे. दुसरा, आपल्यालाच उतरता येत नाही. पहिल्या तर्काने माणूस टायर बदलतो, ब्रेकचे रबर बदलतो, अखेर सायकल विकतो. दुसऱ्या तर्काने तो घाटाकडे फिरकणेच सोडतो. दोन्हींत मूळ कारण शोधायचे राहून जाते. कारण ‘सायकल डळमळते’ ही तक्रार एक असली तरी तिच्यामागे किमान पाच निरनिराळे दोष असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. हे दोष वेगळे कसे ओळखावेत, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. येथे विचार वाकड्या हँडलच्या, अरुंद टायरच्या रोड सायकलचा केला आहे. तथापि बहुतेक तपासण्या इतर सायकलींनाही लागू होतात.

ब्रेक लावल्यावर नेमके काय घडते?

रोड सायकलच्या दोन चाकांमधील अंतर साधारण १ मीटर असते. स्वार बसल्यावर सायकल आणि स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १.१ मीटर उंचीवर आणि पुढचे चाक जेथे टेकते तेथून साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर मागे येतो. म्हणजे हे वाहन लांबीच्या मानाने बरेच उंच आहे. ब्रेक लावताच शरीर पुढे जाऊ पाहते, मागच्या चाकावरचा भार पुढच्या चाकावर सरकतो आणि ब्रेकचा जोर एकंदर वजनाच्या निम्म्याच्या आसपास गेला की मागचे चाक जमीन सोडू लागते.

उतारावर यात आणखी एक भर पडते. ८ टक्के उतार असेल, तर वजनाच्या ८ टक्के इतका ब्रेकचा जोर केवळ वेग वाढू न देण्यातच खर्च होतो. वेग कमी करण्यासाठी उरतो तो त्यापुढचा. फक्त मागचा ब्रेक वापरणाऱ्याला याचा फटका सर्वाधिक बसतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही मागच्या ब्रेकने एकंदर वजनाच्या साधारण चतुर्थांशाइतकाच जोर मिळतो, कारण मागचे चाक हलके होऊन घसरू लागते. त्यातून उताराचा वाटा वजा केला की हाती फार थोडे राहते. ताशी ५० किलोमीटर वेगाने ८ टक्के उतारावर जाणारी सायकल दोन्ही ब्रेक जपून वापरले तर साधारण ३३ मीटरमध्ये थांबू शकते. केवळ मागच्या ब्रेकने तिला ६० मीटरहून अधिक अंतर लागते. यात ब्रेककडे हात जाईपर्यंत कापलेले अंतर धरलेले नाही.

तेव्हा उतारावर पुढचा ब्रेक हाच मुख्य ब्रेक होय. आणि पुढच्या ब्रेकवर भार येतो म्हणूनच पुढचे चाक, फोर्क, त्याचे बेअरिंग आणि टायर यांच्यातील लहानसहान ढिलाई, जी सपाट रस्त्यावर जाणवतही नाही, ती येथे उघडी पडते. ब्रेक बहुधा दोष निर्माण करत नाही; आधीच असलेला दोष दाखवून देतो.

तीन प्रश्न

पाना हातात घेण्याआधी स्वाराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : हालचाल कोणत्या दिशेची होती? पुढे-मागे ठोके बसत होते, की हँडल डावीकडे-उजवीकडे फिरत होते, की सायकल सरळच पण एका बाजूला जात होती?

दुसरा : ती कोणत्या ब्रेकने सुरू झाली? पुढचा सोडल्यावर थांबली का? दोन्ही सोडले तरी चालूच राहिली का?

तिसरा : वेग कमी होत गेला तशी थरथर संथ होत गेली का? हा प्रश्न सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. रोड सायकलच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला पाचपेक्षा थोडे अधिक फेरे घेते, ताशी २० ला त्याच्या निम्मे. ठोक्यांची गती चाकाच्या फेऱ्यांबरोबर कमी होत असेल, तर दोष चाकात, रिममध्ये, टायरमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. वेग बदलला तरी थरथरीची लय तीच राहत असेल, तर कंप पावते आहे ती फ्रेम किंवा फोर्क, आणि शोध तेथे घ्यायला हवा.

या तीन उत्तरांवरून पुढील पाच प्रकारांपैकी आपला कोणता, हे बहुधा ठरवता येते.

पहिला प्रकार : पुढे-मागे बसणारे ठोके

पुढचा ब्रेक आवळताच फोर्क पुढे-मागे ठोके देऊ लागला, तर सर्वप्रथम हेडसेट तपासावा. फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत फोर्क ज्या बेअरिंगवर फिरतो, तो भाग म्हणजे हेडसेट. सायकल जमिनीवर उभी करून पुढचा ब्रेक घट्ट धरावा, दुसऱ्या हाताची बोटे फ्रेम आणि फोर्क यांच्या खालच्या सांध्यावर ठेवावीत आणि सायकल पुढे-मागे ढकलावी. बोटांना सूक्ष्म ‘टक्’ जाणवला, तर तेथे खेळ आहे. मात्र ब्रेकच्या रबरातील किंवा पॅडमधील सैलपणाही असाच जाणवतो. म्हणून हँडल काटकोनात वळवून हीच चाचणी पुन्हा करावी. टक् कायम राहिला तर दोष हेडसेटचा. नाहीसा झाला तर ब्रेकचा.

आजच्या बहुतेक सायकलींमध्ये हा खेळ काढण्याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी हँडल धरणाऱ्या स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल करायचे, मग वरच्या टोपीचा बोल्ट थोडा थोडा आवळून खेळ घालवायचा, हँडल चाकाच्या रेषेत आणायचे आणि शेवटी बाजूचे बोल्ट पुन्हा कसायचे. फोर्कला जागेवर धरतात ते बाजूचे बोल्ट. वरची टोपी केवळ बेअरिंगवरील दाब ठरवते. बाजूचे बोल्ट सैल न करता नुसती टोपी पिळत बसणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. बोल्ट किती कसायचा याचा आकडा बहुधा स्टेमवरच छापलेला असतो, आणि कार्बनच्या भागांवर तो काटेकोर पाळावा लागतो.

हेडसेट ठीक असेल तर रिमकडे वळावे. रिमवर आवळणारे ब्रेक असतील, तर चाक फिरवून ब्रेक हलका धरावा. दर फेऱ्याला एकाच जागी चाक अडत असेल, तर रिमचा सांधा उंच आहे, खड्ड्यात आपटून रिमला पोचा पडला आहे किंवा चाक आउट झाले आहे. आउट काढणे हे कसबी मिस्त्रीचे काम. रिमची कड आतल्या बाजूने खोलगट झाली असेल किंवा कारखान्याने झीज दाखवण्यासाठी पाडलेली खाच दिसेनाशी झाली असेल, तर मात्र दुरुस्ती नाही, रिम बदलावी. झिजलेली कड टायरच्या दाबाने फाटू शकते, आणि तेही नेमके ब्रेक लावताना. ब्रेकच्या रबराचे पुढचे टोक मागच्या टोकाच्या किंचित आधी रिमला टेकेल असे बसवले, तर चिरका आवाज आणि बारीक थरथर दोन्ही कमी होतात.

डिस्क ब्रेक असेल तर डिस्क वाकडी आहे का, ती हबला धरणारे स्क्रू अथवा रिंग घट्ट आहे का, आणि कॅलिपरचे दोन बोल्ट सैल तर नाहीत ना, हे पाहावे. साखळीवर मारलेल्या तेलाचा फवारा डिस्कवर उडाला, तर पॅड तेल शोषून घेतात आणि कधी घसरतात, कधी एकदम पकडतात. डिस्क स्पिरिटने पुसता येते. तेल प्यायलेले पॅड बदललेलेच बरे.

दुसरा प्रकार : एका बाजूला ओढ

ब्रेक लावला की सायकल नेहमी एकाच बाजूला जात असेल, तर पुढचे चाक फोर्कमध्ये सरळ बसले आहे का, हे आधी पाहावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटाव्यात इतके हे कारण साधे आहे. चाक काढून पुन्हा बसवताना सायकल तिरकी धरली होती आणि तशीच खिट्टी आवळली, एवढे पुरेसे असते. सायकल जमिनीवर सरळ उभी करून, वजन चाकांवर देऊन मगच खिट्टी आवळावी. तिचा दांडा बंद करताना तळहातावर वळ उमटेल इतका जोर लागला पाहिजे. डिस्क ब्रेक आणि खिट्टीचे चाक असा जुना मेळ असलेल्या सायकलींवर हे विशेष महत्त्वाचे. त्यांत ब्रेकचा जोर चाकाला फोर्कच्या खाचेतून खाली ढकलू पाहतो. आरपार जाणारा आस असलेल्या सायकलींत ही भीती राहत नाही. मात्र तो आस पुरता फिरवून कसलेला हवा.

चाक नीट बसवूनही ओढ राहिली, तर रिमब्रेकच्या सायकलीत एक सोपी परीक्षा आहे. पुढचे चाक काढून डावी बाजू उजवीकडे करून बसवावे. ओढीची दिशा उलटली, तर रिम हबच्या मध्यावर नाही, दोष चाकाचा. ओढ तीच राहिली, तर फोर्क किंवा फ्रेम वाकडी आहे. जुन्या अपघातानंतर वापरात आलेल्या सायकलीत हे हमखास पाहावे.

याच वेळी चाकाचे वरचे टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवावे. हबमध्ये खेळ असेल तर तो लगेच कळतो. स्पोक दोन-दोन मिळून चिमटीत दाबावेत. एखादी जोडी इतरांपेक्षा सैल लागली, तर चाक भाराखाली वाकडे होत असणार.

तिसरा प्रकार : मागचे चाक घसरणे

मागचे चाक शेपटीसारखे हलत असेल, तर सायकलीत दोष असलाच पाहिजे असे नाही. पुढच्या ब्रेकने मागचे चाक हलके केलेले असते. त्याच वेळी मागचा ब्रेक जोरात धरला, तर ते चाक फिरायचे थांबते. न फिरणाऱ्या चाकाला बाजूची पकड राहत नाही, आणि ते पुढच्या चाकाला मागे टाकू पाहते. उपाय हातात आहे. मागचा ब्रेक थोडा सोडावा, कंबर सीटवर मागे सरकवावी, कोपरे वाकवावीत, खांदे खाली आणावेत. हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर हात ठेवले की धड आपोआप खाली येते आणि ब्रेकचा दांडा कमी जोराने आवळता येतो.

रस्ता फसवा असेल, तर निष्णातांनाही हे टाळता येत नाही. १४ जुलै २००३ रोजी टूर दि फ्रान्सच्या नवव्या टप्प्यात, गॅप शहराकडे उतरताना, एकंदर क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर असलेला स्पेनचा होसेबा बेलोकी पडला तो असाच. कडक उन्हाने रस्त्यावरचे डांबर मऊ झाले होते. वळणाआधी त्याचे मागचे चाक घसरले, पुन्हा अचानक पकडले गेले, रिमला चिकटवलेला टायर सुटला आणि तो जोराने आदळला. मांडीचे हाड, कोपर आणि मनगट मोडले. त्याच्या लगेच मागे असलेल्या लान्स आर्मस्ट्राँगला सायकल शेतात घालून पुढच्या रस्त्यावर यावे लागले. येथे घसरण्यापेक्षाही घातक ठरली ती घसरलेल्या चाकाला एकाएकी पुन्हा मिळालेली पकड. म्हणून मागचे चाक तिरके गेलेले असताना ब्रेक झटकन सोडू नये. सायकल सरळ रेषेत आणत तो सैल करावा.

टायरमधील हवेकडेही येथे लक्ष द्यायला हवे. टायरच्या कडेवर छापलेला सर्वांत मोठा आकडा म्हणजे योग्य दाब नव्हे, ती मर्यादा आहे. ७५ किलो वजनाच्या स्वाराला २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये साधारण ७० पीएसआय हवा पुरते. दगडासारखा भरलेला टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो, आणि उडालेल्या टायरला ब्रेक लागत नाही. उलट, हवा फार कमी असेल तर टायर रिमवर वळवळतो आणि वळणात सायकल तरंगल्यासारखी वाटते.

चौथा प्रकार : हँडलचे हेलकावे

हा सर्वांत भयावह प्रकार. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की हँडल डावीकडे-उजवीकडे सेकंदाला काही वेळा फिरू लागते आणि हेलकावे क्षणोक्षणी वाढत जातात. ब्रेक सोडला तरी ते थांबतीलच असे नाही. हा फ्रेमच्या पिळाचा आणि पुढच्या चाकाच्या स्वतःला सरळ करण्याच्या ओढीचा एकमेकांना साथ देणारा कंप आहे. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका झोकाही त्याला उंच नेतो, तसेच येथे घडते. झोका देणारे कारण क्षुल्लक असू शकते : असंतुलित चाक, खड्डा, वाऱ्याचा झोत, थंडीने किंवा भीतीने थरथरणारे हात. ब्रेकचा एखादा ठोकाही तेवढ्याला पुरतो.

यात एका सुट्या भागाला दोषी ठरवणे अवघड का असते, याचे उत्तर शास्त्रात आहे. केंब्रिज येथे शिकणाऱ्या फ्रान्सिस व्हिपल यांनी १८९९ मध्ये सायकलच्या समतोलाची समीकरणे मांडली. पुढे २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशी एक सायकल दाखवण्यात आली, जिच्यात फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम जवळजवळ नाहीसा केला होता आणि पुढचे चाक हँडलच्या अक्षामागे फरफटण्याची सोयही काढून टाकली होती; तरी ती स्वाराशिवाय तोल सांभाळून चालली. सायकलचे स्थैर्य हे वजनाची वाटणी, कोन, लांबी आणि वेग या सर्वांच्या मेळातून निर्माण होते. म्हणूनच एका स्वाराखाली हेलकावणारी सायकल दुसऱ्याखाली निमूट चालते.

असे घडू लागले तर काय करावे? अमेरिकेतील अभियंते आणि ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकाचे लेखक जॉब्स्ट ब्रँट यांनी पुरस्कारलेला उपाय आजही सर्वमान्य आहे : फ्रेमची आडवी नळी गुडघ्याने दाबून धरावी. त्याने कंपाला अंगाचा आधार मिळतो आणि तो विझू लागतो. सोबत सीटवरचा भार किंचित उचलावा, हँडलवरील मूठ घट्ट न करता सैल ठेवावी आणि वेग हळूहळू, मुख्यतः मागच्या ब्रेकने उतरवावा. मूठ आवळणे ही भीतीची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. नेमकी तीच हेलकाव्यांना बळ देते. गुडघा नळीला लावण्याची ही सवय सपाट रस्त्यावर, कमी वेगात आधीच करून ठेवावी. संकटात नवे काही सुचत नाही.

घरी आल्यावर शोध घ्यावा तो पुढील गोष्टींचा : हेडसेटमधील खेळ, किंवा उलट तो फार कसलेला असणे, हबमधील खेळ, सैल स्पोक, टायर रिमवर वाकडा बसलेला असणे, हँडलला टांगलेली जड पिशवी. हेडसेट कसलेला आहे का, हे पाहण्यासाठी पुढचे चाक उचलून हँडल सोडावे. ते आपल्या वजनाने एका बाजूला सहज वळले पाहिजे. मधोमध खटकन अडत असेल, तर बेअरिंगच्या वाटेत खळगे पडले आहेत. अशी सायकल सतत सूक्ष्म नागमोडी चालते, कारण तोल सांभाळण्यासाठी लागणाऱ्या बारीक दुरुस्त्या तिला करताच येत नाहीत.

पाचवा प्रकार : वळणात सायकल उभी राहणे

वळणात सायकल आतल्या बाजूला झुकलेली असताना पुढचा ब्रेक धरला, तर ती उभी होऊ पाहते आणि वळणाबाहेर सरळ निघते. हा बिघाड नाही. झुकलेल्या चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग मध्यरेषेपासून बाजूला असतो आणि ब्रेकचा जोर तेथून हँडलला फिरवतो. शिवाय टायरची पकड एकच असते. ती ब्रेकला दिली तर वळायला कमी उरते. म्हणून घाटातील जुना नियम खरा : वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करावा, वळणात ब्रेक सोडावा, बाहेरचे पॅडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा आणि नजर वळण जेथे संपते तेथे न्यावी.

उष्णतेचा हिशेब

सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले, तर ८ टक्के उतारावर ताशी ४० किलोमीटर वेग राखताना गुरुत्वाकर्षण सुमारे ७४० वॉट शक्ती पुरवत असते, घरातल्या इस्त्रीइतकी. तिचा बराच भाग वारा घेतो, उरलेला ब्रेक तापवतो. सबंध घाट ब्रेक धरून रेंगाळत उतरले, तर वेग कमी असल्याने वाऱ्याचा वाटा घटतो आणि एकूण अधिक उष्णता ब्रेकमध्ये जाते. परिणामी रबर गुळगुळीत होऊन पकड सोडते, डिस्क वाकते, रिम तापून ट्यूब फुटू शकते. कार्बनच्या रिमना ही उष्णता विशेष बाधते. यासाठी ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे लावावा आणि सोडावा. मधल्या सरळ पट्ट्यात ताठ बसून वाऱ्यालाच ब्रेक होऊ द्यावे. दोष घाटाच्या सुरुवातीला नसून दहा मिनिटांनी जाणवू लागत असेल, तर उष्णतेवर संशय घ्यावा. अशा वेळी थांबावे. तापलेल्या रिमला वा डिस्कला हात लावू नये.

गोव्याच्या हवेत

किनाऱ्याजवळ ठेवलेल्या सायकलीला खारी हवा लागते. खिट्टीचा दांडा, बोल्ट, हेडसेटचे खालचे बेअरिंग यांवर गंज आधी चढतो, आणि गंजलेला बोल्ट कसल्यासारखा भासतो, कसलेला मात्र नसतो. खाणपट्ट्यातील आणि जांभ्या दगडाच्या रस्त्यांवरील तांबडी धूळ ओल्या रिमवर बसून घासणीसारखे काम करते. रबर आणि रिम दोन्ही झिजतात. पावसाळ्यात चोर्ला आणि अनमोड या दोन्ही घाटांत झाडांच्या सावलीत शेवाळ, पाने आणि वाहून आलेली माती असते. ओल्या रिमवर पहिल्या काही फेऱ्यांत ब्रेक लागतच नाही. पाणी पुसले गेले की तो एकाएकी लागतो. म्हणून पावसात वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवून रिम कोरडी करून घ्यावी. घामाचेही मीठच असते. हँडलच्या पट्टीखाली आणि स्टेमच्या बोल्टवर ते साचते, याकडे सहसा कोणी पाहत नाही.

तपासणीचा क्रम

घाटावर जाण्याआधी पाव तासात पुढील क्रमाने पाहणी होते. क्रम बदलू नये, कारण सोपी आणि बिनखर्चाची कारणे आधी बाद होतात.

१. टायरची हवा, चिरा, फुगवटा. टायर रिमवर सर्वत्र सारखा बसला आहे का.
२. दोन्ही चाके सरळ बसली आहेत का. खिट्टी किंवा आस घट्ट आहे का.
३. हबमधील खेळ, स्पोकचा ताण, चाकाचा आउट.
४. हेडसेट : खेळ आहे का, आणि उलट फार कसलेला आहे का.
५. ब्रेकचे बोल्ट, रबर अथवा पॅडची जाडी. रिम किंवा डिस्क स्वच्छ व सपाट आहे का.
६. स्टेम आणि हँडलचे बोल्ट. पिशव्या आणि बाटल्यांचे आधार.
७. फोर्क आणि फ्रेम यांच्या सांध्यांवर तडे, रंगाला पडलेल्या सुरकुत्या.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि रहदारी नसलेल्या लहानशा उतारावर, ताशी २० किलोमीटरपासून सुरुवात करून परीक्षा घ्यावी. एकाच दिवशी टायर, रबर आणि हेडसेट तिन्ही बदलले, तर सायकल सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही, आणि दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काही लक्षणांना मात्र परीक्षेची मुभा नाही. फोर्कवर तडा दिसणे, पडल्यानंतर हँडलमधून नवा आवाज येऊ लागणे, ब्रेकचा दांडा हँडलला टेकणे, रिमची कड खोल जाणे, यांपैकी काहीही आढळले तर सायकल हातात धरून खाली आणावी. कार्बनचा फोर्क वाकून आगाऊ सूचना देत नाही. तो एकदम तुटतो.

स्वाराची बैठक हादेखील तपासणीचाच भाग आहे. ताठ कोपरे, आवळलेली मूठ आणि सीटवर सोडलेले सारे वजन असेल, तर निर्दोष सायकलही थरथरते. वेगासाठी आडव्या नळीवर बसून उतरण्याची चाल दूरचित्रवाणीवर आकर्षक दिसत असे; आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १ एप्रिल २०२१ पासून शर्यतींत तिला बंदी घातली. सार्वजनिक रस्त्यावर तर तिला जागाच नाही.

घाटात डळमळलेल्या सायकलीवर पुन्हा बसण्याआधी दिशा, ब्रेक आणि वेग या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत. मिस्त्रीकडे जाताना तो कागद सोबत न्यावा. ‘सायकल हलते’ एवढेच सांगितले, तर दुकानातल्या सपाट फरशीवर ती हलणार नाही आणि मिस्त्री ती तशीच परत देईल. ‘पुढचा ब्रेक लावला की ताशी ४० ला पुढे-मागे ठोके बसतात आणि वेग उतरला की ठोकेही संथ होतात’ असे सांगितले, तर त्याचा हात थेट पुढच्या रिमकडे जाईल.